पास आणि सिलिंडर

मधल्या सुटीत आम्ही सहासात जणी ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून डबा खातो. २०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. मी डबा उघडला तशी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या भाकरीला काय मस्त चुलीचा वास येतो! आमच्याकडं त्यासाठी धाब्यावर जावं लागतं." सगळ्या हसल्या. मीही हसले. चुलीवरच्या भाकरीचे शहरात अप्रूप असते हे मला ठाऊक आहे. आमच्या एस. टी. च्या वाटेवर 'चुलीवरचे जेवण' अशा मोठमोठ्या अक्षरांतल्या पाट्या मी रोज वाचते. पण घास तोंडात घालता घालता माझा हात थांबला. आमच्या घरी तर गॅस आहे. मग भाकरीला चुलीचा वास आला कुठून?

प्रश्न साधाच होता. पण त्याचे उत्तर शोधताना मला आमच्या घराचा सगळा जमाखर्च पहिल्यापासून वाचावा लागला. तो येथे मांडते आहे. तो एकट्या माझ्या घराचा नाही, खेड्यावरून येणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचा आहे, असे मला वाटते.

आमचे गाव गंगाखेडपासून बावीस किलोमीटरवर, फाट्यावरून तीन किलोमीटर आत. गावात एस. टी. दोनदा येते, सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी. संध्याकाळची चुकली तर दुसऱ्या गाडीने फाट्यावर उतरायचे आणि अंधारात चालायचे, नाहीतर दादा न्यायला येतात. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दोन एकर कोरडवाहू जमीन आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात मजुरी, हा त्यांचा व्यवसाय. घरात आजी, आई, दादा, मी आणि बारावीतली धाकटी बहीण. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात माझ्या पुस्तकांना पाय लागला तर आजी अजून नमस्कार करते.

केंद्र सरकारची उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये आमच्या घरी शेगडी आली. मी तेव्हा पाचवीत होते. आईचे आधारकार्डावरचे नाव आणि रेशनकार्डावरचे नाव जुळत नव्हते, म्हणून कनेक्शन आजीच्या नावावर घेतले. सिलिंडर घरात आला त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू लावले, उदबत्ती ओवाळली. शेजारपाजारच्या बाया निळा जाळ बघायला आल्या. आजी म्हणाली, "सुटली बाई मोळी एकदाची!"

आजीच्या या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. आजी आम्हांला लहानपणी जनीच्या गवऱ्यांची गोष्ट सांगायची. जनीच्या गवऱ्या दुसऱ्या बाईच्या गवऱ्यांत मिसळल्या आणि तंटा उभा राहिला. तेव्हा ज्या गवरीला कान लावल्यावर विठ्ठलाचे नाव ऐकू येईल ती जनीची, असा निवाडा झाला. आम्ही त्या गोष्टीत विठ्ठल ऐकत होतो. आजी मात्र शेवटी हळूच म्हणायची, "बाईमाणसाचं भांडण तवाबी जळणापायीच व्हतं." जळण किती मोलाचे असते हे तिला कुठल्या पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १९७२ च्या दुष्काळात ती बावीस वर्षांची होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडत होती. त्या वर्षी धान्य नव्हतेच, पण जे मिळे ते शिजवायला काडीसुद्धा नव्हती, असे ती सांगते.

शेगडी आली तरी चूल काही विझली नाही. अंघोळीचे पाणी परसातल्या चुलीवरच तापे. स्वयंपाक तेवढा गॅसवर. १४.२ किलोचा सिलिंडर आई दीड-दोन महिने पुरवायची. पुढे भाव चढत गेले. २०२२ च्या मेमध्ये घरगुती सिलिंडर हजाराच्या वर गेला. उज्ज्वलाच्या ग्राहकांना सरकारने त्याच वर्षी दोनशे रुपयांची आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून तीनशे रुपयांची सवलत दिली. २०२४ साली राज्य सरकारने अशा घरांसाठी वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची योजनाही आणली. कागदावर हे सगळे खरे आहे. पण गावात गॅसची गाडी येते तेव्हा सिलिंडर उतरवून घेताना पूर्ण पैसे रोख मोजावे लागतात. सवलत मागाहून खात्यावर जमा होते. ज्याच्या घरी महिन्याच्या त्या तारखेला आठशे-नऊशे रुपये एकत्र नसतात, त्याच्या दारावरून गाडी तशीच पुढे जाते.

आता माझ्या पासाकडे वळते.

एस. टी. ने महाराष्ट्रातल्या खेड्यांतील मुलींसाठी जे केले त्याचे ऋण मोठे आहे. मुलींना बारावीपर्यंत पास मोफत मिळतो. मी त्या पासावर शिकले, माझी बहीण आज शिकते आहे. मी दहावीत असताना, २०२१ च्या नोव्हेंबरपासून पुढे कित्येक महिने एस. टी. चा संप चालला. तेव्हा एस. टी. म्हणजे काय हे आम्हांला कळले. काळीपिवळी जीपच्या टपापर्यंत माणसे भरलेली असत आणि भाडे मागेल तेवढे. आमच्या वर्गातल्या चार मुली त्या वर्षी घरी बसल्या, त्या पुन्हा शाळेत आल्या नाहीत.

२०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एस. टी. चा प्रवास मोफत झाला. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट झाले. आजीला तिकीट नाही, आईला अर्धे, बहिणीला मोफत पास आणि मला विद्यार्थिनी म्हणून सवलतीचा पास. आमच्या घरात पूर्ण तिकीट काढणारे एकटे दादाच! यावर आम्ही घरात पुष्कळ हसतो. दादा मात्र हल्ली तालुक्याला जाणेच टाळतात. त्यांची जुनी मोटारसायकल गोठ्यात पोते पांघरून उभी आहे. २०२१ मध्ये पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली तेव्हा आमच्या परभणी जिल्ह्याचे नाव राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलसाठी वर्तमानपत्रांत झळकत होते, कारण टँकर पार मनमाडकडून यायचे. त्या वर्षापासून दादा रानात सायकलने जातात. मोटारसायकल फक्त आजारी माणसासाठी, आणि माझी संध्याकाळची गाडी चुकली तर माझ्यासाठी.

बारावी झाली आणि मोफत पास संपला. बी. ए. च्या पहिल्या वर्षापासून दर महिन्याला पैसे भरून पास काढावा लागतो. विद्यार्थ्यांना मोठी सवलत आहे, भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच आपण भरतो. परंतु २०२५ च्या जानेवारीत एस. टी. चे भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले आणि त्याबरोबर पासही वाढला. आमच्या अंतराला एका महिन्याचा पास आणि सवलत वजा जाता एक सिलिंडर, हे दोन आकडे जवळजवळ एकमेकांना येऊन भिडतात. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा हे माझ्या ध्यानात आले नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई डब्यातून नोटा काढून देत असे आणि मी त्या मोजून दप्तरात ठेवत असे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. आमचा कापूस आणि सोयाबीन पाण्यात गेले. आईला मिळणारे 'लाडकी बहीण'चे दीड हजार किराणा दुकानाच्या उधारीत आणि बचतगटाच्या हप्त्यात संपतात. दिवाळी कशीबशी झाली. माझा पास मात्र एकही महिना चुकला नाही.

भाकरीच्या वासावर मैत्रिणी हसल्या त्याच आठवड्यात एक दिवस शेवटचे दोन तास झाले नाहीत. मी दुपारच्या गाडीने फाट्यावर उतरले आणि चालत घरी गेले. आई परसात चुलीपुढे बसली होती. पावसात भिजलेल्या पऱ्हाट्या वरून वाळलेल्या दिसत होत्या, पण आतून ओल्याच होत्या. फुंकणीने फुंकून तिचे डोळे लाल झाले होते. चुलीवर पाण्याचे भांडे नव्हते, संध्याकाळच्या वरणाचे पातेले होते. मी आत गेले. शेगडीवर धुतलेले फडके झाकलेले होते. मी सिलिंडर हलवून पाहिला. तो एका हाताने उचलला गेला.

"कधीपासून?" मी विचारले.

"दिवाळीच्या फराळालाच संपला. आनू की. कापसाचे पैशे आले की आनू."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुला सांगून काय, तू का मोळी आनणार व्हतीस? तुझी गाडी साडेसाची."

मी पहाटे उठायची तेव्हा डबा भरलेला असायचा. संध्याकाळी यायची तेव्हा ताट वाढलेले असायचे. अंघोळीच्या पाण्याची चूल रोजचीच, म्हणून धुराचा संशय आला नाही. हे माझे समर्थन. खरे तर दोन महिने त्याच घरात राहून मला दिसले नाही, कारण मी पाहिलेच नाही. कॉलेजात आलेल्या मुलीला घरातले दिसेनासे होते असे आजी एकदा म्हणाली होती. तेव्हा मला राग आला होता.

त्या रात्री मी आईशी भांडले. म्हणाले, "मी पास काढत नाही. परीक्षेपुरती येऊन-जाऊन करीन." आई काही बोलली नाही. दादा बाहेरून म्हणाले, "पास बंद झाला तर कॉलेज बंद झालं म्हनून समज. मग पाहुने यायला सुरवात व्हईल. ते आवडंल का तुला?" माझ्या भांडणाला यावर उत्तर नव्हते.

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी मागणीची लवचिकता शिकवताना सांगितले होते, की मीठ, इंधन अशा गरजेच्या वस्तूंची मागणी किंमत वाढली तरी फारशी घटत नाही. मी परीक्षेत ते लिहून गुणही मिळवले. पण आमच्या घरात गॅसची मागणी चक्क शून्यावर आली होती! दुसऱ्या दिवशी मी सरांना भीत भीत विचारले. सर म्हणाले, "स्वयंपाकाची मागणी घटली का? नाही ना? मग पर्यायी वस्तू कोणती ते शोध आणि तिची किंमत कोण देतं ते बघ." सरांनीच त्या दिवशी आम्हांला १९७३ च्या तेलसंकटाविषयी सांगितले. काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली होती. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका धान्य, तेल, रॉकेल यांच्या महागाईविरुद्ध हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. ते ऐकताना माझ्या मनात आले, मुंबईच्या बायका लाटणी घेऊन निघाल्या तेव्हा माझी आजी हातोडी घेऊन खडी फोडत होती. तिच्यापर्यंत तो मोर्चा पोहोचला नव्हता.

पर्यायी वस्तू मी शोधली. पऱ्हाट्या, तुराट्या, बांधावरची बाभळीची फांदी आणि गवऱ्या. यांना पैसे पडत नाहीत, म्हणून त्या फुकट आहेत असे आम्ही समजतो. पण आई आठवड्यातून तीन दिवस मजुरीवरून येताना वाट वाकडी करून मोळी आणते. त्यात दोन तास जातात. गॅसवर जो स्वयंपाक पाऊण तासात होतो त्याला चुलीवर दुप्पट वेळ लागतो. शिवाय डोळे आणि छाती. तिचा खोकला मी थंडीच्या नावावर टाकला होता. सरांच्या प्रश्नाचे उत्तर हे होते. किंमत दिली जात होती, फक्त ती कुठल्या पावतीवर लिहिली जात नव्हती.

मग मी घरातले सगळे कागद एका पिशवीत काढले. प्रथम लाइट बिल. दादांची नेहमीची तक्रार, "रातभर लाईट जाळतीस, बिल येतं." मी हिशेब केला. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. माझा दिवा नऊ वॅटचा. रोज चार तास वाचले तरी महिन्याचे जेमतेम एक युनिट होते! तेवढाच अभ्यास जुन्या शंभर वॅटच्या बल्बखाली केला असता तर बारा युनिटे झाली असती. दादांना मी हे वहीवर मांडून दाखवले. ते बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हंजी दोन वर्षं मी उगंच वरडलो व्हय?" पण बिलात युनिटांखेरीज आणखी रकाने होते. एक युनिट न जाळताही द्यावा लागणारा स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क आणि कधी कधी इंधन समायोजन आकार. वीज बनवायचा खर्च, विशेषतः कोळशाचा, वाढला की तो या रकान्यातून आपल्याकडे येतो. आमच्या शेजारच्या परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, पण कोळसा दूरवरून रेल्वेने येतो. तो महागला की आमच्या गावच्या बिलात दिसतो.

पिशवीच्या तळाशी आजीचे पासबुक सापडले. त्यात तीन वर्षांत एकही नोंद छापलेली नव्हती. गॅसची सवलत आजीच्या खात्यावर येते एवढे सगळ्यांना माहीत होते. पण गावात पैसे देणाऱ्या केंद्रातले यंत्र आजीचा अंगठा घेत नसे. खडी फोडून, खुरपून तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसल्या आहेत. दोनतीनदा हेलपाटा झाला आणि "आपल्या खात्यात काहीच येत न्हाई" असे सगळ्यांनी धरून चालले. मी आजीला घेऊन गंगाखेडला बँकेत गेले. तिला तिकीट नव्हते आणि मला पास होता, त्यामुळे प्रवास बिनखर्चाचा झाला. यंत्राने पासबुकावर ओळी छापायला सुरुवात केली. पान उलटावे लागले. थोडे थोडे करून साडेतीन हजारांच्या वर रक्कम जमली होती. पैसे काढायची स्लिप मी भरली, आजीने शाईचा अंगठा उठवला, साहेबांनी फोटो पाहिला आणि पैसे दिले. आजीने नोटा कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि विचारले, "हे तुला कॉलेजात शिकवलं का?" मी "हो" म्हणाले. स्लिप भरायला कुणी शिकवली नव्हती. पण अनोळखी खिडकीपुढे उभे राहून विचारायचे धैर्य मला इथेच मिळाले, म्हणून ते उत्तर खोटे नव्हते.

त्यातून सिलिंडर आला. मी कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेत नाव दिले. ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवते. त्यात पासाचा साधारण अर्धा भाग निघतो. संध्याकाळच्या गाडीपर्यंतचा वेळ मी तिथेच अभ्यास करते. घरात आईने आणि मी मिळून काही नियम ठरवले. डाळ रात्री भिजत घालायची. पातेल्यावर झाकण ठेवायचे. भाताला उकळी आली की पातेले उतरवून गोधडीत गुंडाळायचे, तो आपोआप शिजतो. ही युक्ती आजीची. पावसाळ्यात आणि पहाटेच्या डब्याला गॅस, उन्हाळ्यात कोरडे सरपण असताना भाकरीला चूल. दर रविवारी मोळी मी आणते. पहिल्या रविवारी मान इतकी दुखली की सोमवारच्या तासाला मला फळ्याकडे वर पाहता येईना.

सगळे ठीक झाले असे मात्र मला म्हणता येत नाही. खात्यातले साचलेले पैसे एकदाच निघतात. येत्या जूनमध्ये बहीण बी. ए. ला येईल आणि तिचा मोफत पास संपेल. घरात दोन पास लागतील. दादा त्यावर अजून काही बोललेले नाहीत. मीही विषय काढत नाही. पण काढावा लागेल, आणि तो मीच काढला पाहिजे, कारण माझ्या पासाचा विषय कुणीतरी मला न विचारता, माझ्या नकळत सोडवला होता. तिच्या पासाचा विषय आई पुन्हा तसाच, आपल्या डोळ्यांवर धूर घेऊन सोडवील. मला ते नको आहे. म्हणून मी आतापासून वहीत दोन्ही पासांचा आणि सिलिंडरचा हिशेब शेजारी शेजारी मांडून ठेवते.

परवा पुन्हा पायऱ्यांवर डबा उघडला. त्या दिवशी भाकरी चुलीवरची होती. तीच मैत्रीण वास घेऊन म्हणाली, "आहाहा!" मी तिला अर्धी भाकरी दिली. आणि मग, हसण्यावारी न नेता, ती भाकरी कुणी, किती वाजता उठून, कशावर भाजली ते सांगितले. तिने मुकाट्याने सगळी भाकरी खाल्ली. खाली पडलेला तुकडाही तिने उचलून घेतला.

(बी. ए., द्वितीय वर्ष)